सेल्फ फिरतो, पण गाडी घेत नाही

मी इंदूरहून बोलतोय. माझं मराठी ऐकून पुण्याकडची मंडळी हसतील, हसू द्या. चार पिढ्या माळव्यात काढल्या, त्यामुळे मधेच हिंदी डोकावणारच. गॅरेजमध्ये तर मराठी, हिंदी, माळवी सगळंच चालतं. गाडीला त्याचं काही नसतं.

आज बोलायचंय एकाच तक्रारीबद्दल. मला फोन येतात त्यातले निम्मे असे सुरू होतात : "भाऊ, सेल्फ मारतोय, इंजिन फिरतंय, पण गाडी घेत नाही." जुन्या गाड्या, म्हणजे फियाट, अ‍ॅम्बेसेडर, कार्बोरेटरवाली मारुती ८००, या सगळ्यांच्या मालकांना हा दिवस एकदा तरी येतोच. आणि त्या दिवशी पहिला प्रश्न असतो, "काय बदलू?" माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकलाय. हे मला माझ्या हुशारीमुळे कळलेलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला एक कापडी पिशवी आणून दिली, तेव्हा कळलं. ती गोष्ट आधी सांगतो.

१९९९ सालचा जुलै महिना. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, वडिलांच्या गॅरेजमध्ये नुकताच स्वतंत्रपणे काम घ्यायला लागलेलो. राजेंद्रनगरला एक काका राहायचे. कापड मिलमध्ये मेंटेनन्सला होते, मिल बंद पडली तेव्हा घरी बसले. त्यांची पांढरी प्रीमियर पद्मिनी होती, १९८७ ची. काकींना किडनीचा त्रास, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. सकाळी साडेसहाला दवाखान्यात पोचावं लागायचं. तेव्हा राजेंद्रनगरहून त्या वेळी रिक्षा मिळणं म्हणजे नशीब. त्यामुळे ती पद्मिनी त्या घरात हौसेची वस्तू नव्हती.

एका मंगळवारी काकांचा निरोप आला, गाडी घेत नाही. मी गेलो. सेल्फ छान फिरत होता. मी प्लग काढले, जरा काळे होते, नवे टाकले. नाही घेतली. कॉइल बदलली. नाही घेतली. मग डिस्ट्रिब्युटर उघडून पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, कॅप लावली, सेल्फ मारला, आणि गाडीने पहिल्या फटक्यात घेतली. मी रुबाबात म्हटलं, "काका, कंडेन्सर गेला होता." मजुरी धरून २२०० रुपये झाले. काकांनी पैसे मोजून दिले आणि जुने पार्ट मागून घेतले. मला वाटलं, मिलवाला माणूस, भंगारात विकेल.

पुढच्या शनिवारी, डायलिसिसच्या दिवशी, सकाळी सहाला गाडी पुन्हा तशीच. सेल्फ फिरतोय, गाडी मेलेली. शेजाऱ्याच्या स्कूटरवर काकींना बसवता येईना. शेवटी दूधवाल्याच्या टेम्पोत पुढे बसवून नेलं. पोचायला दीड तास उशीर. त्यांची जागा दुसऱ्या पेशंटला दिली गेली होती, दुपारपर्यंत बाकावर बसून राहावं लागलं. हे मला संध्याकाळी कळलं, काका पिशवी घेऊन गॅरेजवर आले तेव्हा.

ओरडले नाहीत. पिशवी टेबलावर ठेवली. आत चार प्लग, कॉइल, पॉइंटचा सेट, कंडेन्सर. म्हणाले, "बाळ, आमच्या मिलमध्ये पार्ट बदलला की कार्डावर लिहावं लागायचं, जुना खराब होता हे कशावरून ओळखलं. यातला कुठला खराब होता आणि तू ते कशावरून ओळखलंस, तेवढं सांग."

मला एकाचंही सांगता आलं नाही.

आता पिशवी तिथेच राहू दे, परत येऊ तिच्याकडे. आधी गाडीकडे बघू.

पेट्रोलचं इंजिन चालायला काय लागतं? पेट्रोल आणि हवा ठीक प्रमाणात, ती दाबली जायला हवी, आणि बरोबर वेळेला ठिणगी. बस. सेल्फ फिरतोय याचा अर्थ एवढाच, की बॅटरीत बऱ्यापैकी जीव आहे आणि स्टार्टर शाबूत आहे. बऱ्यापैकी म्हणालो, कारण इथेही फसगत आहे. सेल्फ जर आळसावून फिरत असेल, घर्र... घर्र... असा, तर स्टार्टर सगळा करंट ओढून घेतो आणि कॉइलला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर धरा. साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल, आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी. पट्टी गंजलेली असते आणि माणूस नवी बॅटरी आणतो.

दुसरं, बोनेट उघडण्याआधी कान द्या. चांगलं इंजिन फिरताना एक लय असते, छक-छक-छक, प्रत्येक सिलिंडर दाबाला आला की सेल्फ किंचित अडतो. ती लयच नसेल, इंजिन हलकं हलकं, घुर्रर्र करून नेहमीपेक्षा वेगात फिरत असेल, तर कुठेतरी दाब तयार होत नाहीये. याचा एक किस्सा पुढे सांगतो.

आणि तिसरं, मालकाला विचारा, बंद पडली कशी? हा प्रश्न कोणी विचारत नाही. चालता चालता दिवा मालवावा तशी एकदम बंद पडली, तर माझा संशय विजेवर. आचके देत, दम लागल्यासारखी, ॲक्सिलरेटर दाबला तरी मरत मरत बंद पडली, तर पेट्रोलवर. रात्री ठीक उभी केली आणि सकाळी घेत नाही, पाऊस पडून गेलाय, तर ओल. हे काही शंभर टक्के नव्हे. पण सुरुवात कुठून करायची ते ठरतं.

काट्यावरही विश्वास ठेवू नका. जुन्या फियाटचा पेट्रोलचा काटा पाव टाकी दाखवत वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेला असतो. गाडी हलवून टाकीत पेट्रोल वाजतंय का ऐका. मी एकदा देवासपर्यंत मेकॅनिकचं अख्खं सामान घेऊन गेलोय, आणि तिथे टाकी कोरडी होती. हसू नका, तुमच्याकडूनही होईल.

आता ठिणगी. गॅरेजच्या भाषेत "करंट". याच्यावर जरा थांबतो, कारण जुन्या पॉइंटवाल्या गाडीत बहुतेक वेळा इथेच घोळ असतो, आणि इथेच लोक अंदाजाने पार्ट बदलतात.

एक जुना, पण साफ केलेला प्लग डिकीत ठेवा. डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधोमध कॉइलकडून जी जाड वायर येते ती कॅपमधून काढा, तिला हा प्लग लावा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवा. हाताने धरू नका. जंप केबलच्या चिमट्याने पकडा. आजूबाजूला पेट्रोल गळत नाही, वास येत नाही, हे आधी बघा. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लगवर निळी-पांढरी, चटचट वाजणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, मरगळलेली ठिणगी मोकळ्या हवेत दिसते, पण सिलिंडरच्या आत दाबाखाली विझते. तिला आहे म्हणू नका. नंतरच्या, इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत एक सांभाळा. जाड वायर काढून मोकळी लोंबती ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला जमिनीत जायला वाट नसेल तर मॉड्यूल जळू शकतं.

इथे ठिणगी चांगली आली, तर कॉइलपर्यंत सगळं ठीक. मग एका सिलिंडरच्या प्लगच्या वायरवर हीच परीक्षा घ्या. कॉइलवर आहे आणि प्लगवर नाही, म्हणजे मधल्या मधे ती कुठेतरी गळतेय : कॅप, रोटर नाहीतर वायर. कॅप काढून उजेडात धरा. आत पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली की ती करंटने स्वतःसाठी पाडलेली पायवाट समजा. पावसाळ्यात तर नुसतं बाष्प पुरतं. कोरड्या फडक्याने कॅप आतून पुसली आणि गाडी सुरू झाली, असं मी इंदूरच्या पावसात कितीतरी वेळा बघितलंय.

आणि कॉइलवरच ठिणगी नाही, तर? तर दहा-वीस रुपयांची वस्तू लागते, टेस्ट लॅम्प. बारा व्होल्टचा लहानसा बल्ब, दोन वायरी. एक वायर इंजिनला, म्हणजे अर्थला. दुसरी आधी कॉइलच्या अधिक बाजूला लावा, चावी ऑन करा. बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर या सगळ्यांना हात लावायची गरज नाही, कॉइलला वीजच येत नाहीये. चावीचा स्विच किंवा वायर बघा.

लागला, तर तीच वायर आता कॉइलच्या वजा बाजूला लावा, जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर जाते. सेल्फ मारा आणि बल्बकडे बघा. इथे बल्ब जे सांगतो ते फार सोपं आहे. पॉइंट बंद होतात तेव्हा करंट त्यांच्यातून जमिनीत जातो, बल्ब विझतो. उघडतात तेव्हा बल्ब लागतो. म्हणून इंजिन फिरताना बल्ब लुकलुकला पाहिजे. लुकलुकतोय आणि तरी ठिणगी नाही किंवा मरतुकडी आहे, तर कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. अजिबात लागत नाही, तर कॉइलचं आतलं वेटोळं तुटलंय, किंवा पॉइंट चिकटलेत, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. आणि बल्ब सारखा लागलेलाच राहतो, लुकलुकत नाही, तर करंट पॉइंटमधून जमिनीत पोचतच नाहीये. पॉइंट मळलेत, त्यांची फट इतकी आहे की ते मिटतच नाहीत, नाहीतर तिथवर जाणारी वायर तुटली आहे.

मळलेले पॉइंट साफ करायला बारीक पॉलिश पेपर चालतो, नंतर कोऱ्या कागदाची पट्टी ओढून घ्या. फट फीलर गेजने, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात बघा. जुने उस्ताद अंदाजाने लावायचे. त्यांना जमायचं.

काकांच्या गाडीकडे मी रविवारी सकाळी टेस्ट लॅम्प घेऊन गेलो. वडील बरोबर आले होते, पण हात लावणार नाही म्हणाले, फक्त उभे राहिले. कॉइलच्या अधिक बाजूला बल्ब लागला. वजा बाजूला धरला, काकांनी सेल्फ मारला. बल्ब लागून राहिला. लुकलुकला नाही. पॉइंट तर चार दिवसांपूर्वी मीच नवे टाकलेले, फट मोजली, ठीक होती. मग मी कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरकडे येणारी ती बारीक वायर बोटांनी चाचपत गेलो. डिस्ट्रिब्युटरच्या टोकाशी, जिथे ती पितळी लगमध्ये दाबलेली असते, तिथे ती मऊ लागली. वरचं रबर अखंड, आत तांब्याचे धागे तुटलेले. वाकवली की बल्ब विझायचा, सोडली की लागायचा.

आता तुमच्या लक्षात आलं असेल मंगळवारी काय झालं ते. कंडेन्सर बदलताना मी ती वायर काढली आणि परत लावली. तुटलेले धागे एकमेकांना टेकले. गाडी सुरू झाली. मी म्हटलं कंडेन्सर. चार दिवस इंजिनच्या थरथरीने धागे पुन्हा सुटले, नेमके शनिवारी सकाळी सहाला.

म्हणून मंडळी, पार्ट बदलल्यावर गाडी सुरू झाली, एवढ्यावरून तो पार्ट खराब होता असं ठरत नाही. खात्री करायची असेल तर जुना पार्ट पुन्हा लावून बघा. गाडी पुन्हा अडली, तर तो दोषी. कंटाळवाणं आहे, मेकॅनिकचा वेळ जातो, ग्राहक म्हणतो चालू झाली ना, आता कशाला खोलतोस. तरी करा. निदान रोज ज्या गाडीवर कोणाचा तरी दवाखाना अवलंबून आहे, तिच्या बाबतीत करा.

पेट्रोलकडे वळू. करंट ठीक आहे हे ठरल्यावरच इकडे या.

एअर फिल्टर काढा. आत उंदराने घरटं केलेलं नाही ना, तेही बघून घ्या, उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे सर्रास सापडतं. इंजिन बंद असताना कार्बोरेटरच्या घशात बॅटरीच्या उजेडात डोकवा आणि हाताने ॲक्सिलरेटरची तार ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडताना दिसली पाहिजे. दिसली, तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. नाही दिसली, तर पंपाकडून येणारी नळी काढून तिचं तोंड बाटलीत सोडा, आणि कॉइलची वायर काढून व्यवस्थित अर्थ करून, सेल्फ मारा. पंपातून ठेक्याने धार आली पाहिजे. धार नाही, तर मागे जा : पंपाचा पडदा, फिल्टर, टाकीपासूनची नळी. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. माझ्याकडे आता नळ्या मऊ होऊन आतून सोलवटलेल्या येतात. बाहेरून नळी धडधाकट, आत रबराचा पापुद्रा झडपेसारखा बसलेला. वर्षानुवर्षं न बदललेल्या नळ्या बदलून टाका, ही एक गोष्ट मी न तपासताही बदला म्हणेन.

काही लोक कार्बोरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल ओतून सेल्फ मारतात. दोन सेकंद चालून बंद पडली की समजायचं, करंट ठीक, पेट्रोल पोचत नाही. परीक्षा खरी आहे, पण मी घरी करू नका म्हणेन. इंजिनने उलटा फटका मारला की घशातून ज्वाळ येते. माझ्या उजव्या भुवईला मधे एक फट आहे, कॅमेऱ्यात दिसत नसेल.

उलटंही होतं : पेट्रोल जास्त झालं. चोक ओढून दहा वेळा सेल्फ मारला, वास सुटलाय, प्लग काढला तर ओला. मग चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा, पंप करू नका, आणि दहा सेकंदांपर्यंत सेल्फ मारा. त्याहून जास्त नको. मधे मिनिटभर थांबा, नाहीतर पेट्रोलच्या भांडणात स्टार्टर जळेल.

आणि उन्हाळा. आमच्याकडे खंडव्याच्या रस्त्यावर भेरूघाट आहे. मे महिना, दुपारचे दोन, ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढण. जुन्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. तो इतका तापतो की नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. गाडी बंद, सेल्फ फिरतोय, घेत नाही. सगळ्यांना औषध माहीत आहे : पंपावर ओलं फडकं, वीस मिनिटं सावलीत बसा. गाडी सुरू होते. घाटात ओली फडकी टाकून उभ्या असलेल्या फियाट-अ‍ॅम्बेसेडर मी लहानपणापासून बघत आलोय.

पण थांबा. तापलेली कॉइलही अशीच दगा देते. गरम झाली की आतलं वेटोळं सुटतं, वीस मिनिटांत निवली की परत जोडलं जातं. पेट्रोल जास्त होऊन अडलेली गाडीसुद्धा वीस मिनिटांत वाळून सुरू होते. तीन वेगळे आजार आणि तिघांना एकच औषध लागू पडतं, थांबणं. मग माणूस वर्षानुवर्षं ओलं फडकं घेऊन फिरतो आणि कॉइल शांतपणे मरत असते. म्हणून गाडी अडलेली आहे, त्याच वेळी, निवण्याआधी, तो डिकीतला प्लग काढा आणि करंट बघा. करंट आहे, तर फडकं. करंट नाही, तर फडक्याचा काही उपयोग नाही. सुरू झालेल्या गाडीत काहीच शोधता येत नाही. अडलेली गाडी हीच शोधायची संधी असते, आणि आपण नेमके तेव्हाच घाईत असतो.

मघाशी म्हणालो तो लय नसलेल्या इंजिनचा किस्सा. कार्बोरेटरवाली मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, डिसेंबर १९८३ पासून हिने आपल्या सगळ्यांना गाडीत बसवलं. एक बँकेतल्या बाई होत्या, मराठीच. ऑफिसातून निघताना गाडी बंद. नवी बॅटरी टाकून झाली, पंप बदलून झाला. मी पोचलो, त्यांना म्हटलं, एकदाच सेल्फ मारा. घुर्रर्र. छक-छक नाहीच. मी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगितला. आतला रोटर हलला नाही.

या गाडीत क्रँकशाफ्टवरून कॅमशाफ्टला फिरवतो तो रबरी टायमिंग बेल्ट. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर चालतो, पेट्रोलचा पंपही कॅमशाफ्टवरच. बेल्ट तुटला की करंट गेला, पेट्रोल गेलं, व्हॉल्व्ह जागच्या जागी थिजले, सगळं एकदम. म्हणूनच पंप बदलणाऱ्याला पेट्रोल आलं नाही, आणि त्याला वाटलं नवा पंपही खराब निघाला. दोन स्क्रू काढून रोटर बघायला एक मिनिट लागतं. बेल्ट नुसता एक-दोन दात सरकला असेल तर मात्र रोटर फिरतो आणि गाडी तरी घेत नाही, तेव्हा वरचं कव्हर काढून खुणा जुळतात का ते बघावं लागतं. पद्मिनीत बेल्ट नाही, साखळी आहे, ती असं एका फटक्यात सहसा सोडून जात नाही.

इंजेक्टरवाल्या, म्हणजे एमपीएफआय गाड्यांबद्दल थोडक्यात. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते का बघा. नाही आली तर फ्यूज आणि रिले आधी. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी तुमची चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. हे दोन्ही ठीक असेल तर क्रँक सेन्सर असू शकतो, पण तो बदलायच्या आधी स्कॅनर लावा. अंदाज इथे फार महाग पडतो.

आणि एक राहिलं. सेल्फ मारेपर्यंत गाडी चालते आणि चावी सोडली की बंद पडते, अशी तक्रार असेल तर चावीचा स्विच बघा. स्टार्टच्या जागी कॉइलला वीज एका वाटेने मिळते आणि चालूच्या जागी दुसऱ्या. ती दुसरी वाट तुटलेली असते. मधे रेझिस्टर असलेल्या गाड्यांत तो रेझिस्टर.

तर, पिशवी.

त्या रविवारी वायरचं टोक कापून नवी लग बसवली. पाच रुपये. नंतर काकांनी पिशवी माझ्यापुढे रिकामी केली आणि म्हणाले, आता एकेक लाव. मी जुनी कॉइल लावली, गाडी सुरू. जुना कंडेन्सर, जुने पॉइंट, सुरू. जुने चार प्लग घासून लावले, सुरू. दुपारचे दोन वाजले. काकी आतून दोनदा चहा देऊन गेल्या. शनिवारबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मलाही बोलता आलं नाही.

मी २२०० रुपये घेऊन गेलो होतो. काकांनी मजुरीचे ठेवून घे म्हणून सांगितलं. वडील तेवढ्यात पहिल्यांदा बोलले : "मजुरी कसली?" सगळे पैसे परत दिले. नवे पार्ट मी परत न्यायला लागलो तर काका म्हणाले राहू देत, किंमत मी देतो, डिकीत असावेत. मिलच्या सवयीने त्यांनी प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली : "तपासलेला, ठीक," खाली तारीख.

पद्मिनी नंतर साडेतीन वर्षं दवाखान्याच्या फेऱ्या करत राहिली. काकी गेल्यावर काकांनी ती विकली, तेव्हा डिकीतला तो डबा मला आणून दिला. कॉइल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, चिठ्ठीसकट. कोणी नवा पोरगा कामाला आला आणि पहिल्याच दिवशी "कंडेन्सर गेलाय" म्हणाला, की मी खण उघडतो.